पुण्याई, भाऊबंदकी आणि ७२ तास: ९९६.आयसीयूचं प्रकरण

मार्च २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात चीनमधल्या कुणीतरी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात आणि वाटतात त्या संकेतस्थळावर, एक रिपॉझिटरी (कोडचा साठा) उघडली. तिच्यात चालवण्याजोगा कोड जवळजवळ नव्हताच. होतं ते एक पान. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, याला ‘९९६’ म्हणतात. त्यानं कामगार कायद्याची अमुक कलमं मोडतात. आणि ९९६ नं काम केलं तर मुक्काम आयसीयूत, म्हणून नाव ९९६.आयसीयू. उघडणाऱ्यानं स्वतःचं नाव कुठेही दिलेलं नव्हतं. आठवड्याभरात त्या पानाला लाखाच्या वर स्टार (पसंतीच्या खुणा) पडले आणि एप्रिल संपायच्या आत दोन लाखांच्या वर. गिटहबवर इतक्या वेगानं वर चढलेल्या रिपॉझिटरी फार थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक काहीतरी उपयोगाची साधनं होत्या. हे नुसतं गाऱ्हाणं होतं.

गाऱ्हाणं म्हटलं, पण त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, वकिली नोटिशीचा होता. पानावर ठळक लिहिलं होतं की ही राजकीय चळवळ नाही, आम्ही कामगार कायद्याच्या बाजूनं आहोत आणि मालकांनी तो पाळावा एवढीच मागणी आहे. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

आधी हिशेब. चीनच्या कामगार कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला सरासरी ४४ तास ही मर्यादा. १९९५ च्या सरकारी नियमानं आठवड्याचा आकडा ४० वर आला. कलम ४१ जादा कामाला साधारणपणे दिवसाला एक तास देतं, खास कारण असेल तर तीन, पण महिन्याला काही झालं तरी ३६ च्या वर नाही. चार आठवड्यांचा महिना धरा. कायद्यानं जास्तीत जास्त १९६ तास. ९९६ चे होतात आठवड्याला ७२ प्रमाणे २८८. यावर मालकांचं ठरलेलं उत्तर असतं की दुपारचं आणि रात्रीचं जेवण धरू नका. बरं, रोजचे दोन तास वजा करू. २४० उरतात. मर्यादेच्या वर ४४ तास, म्हणजे आठवड्याभराहून जास्त काम, दर महिन्याला. कलम ४४ प्रमाणे या तासांना कामाच्या दिवशी दीडपट, साप्ताहिक सुटीला दुप्पट आणि सणाच्या सुटीला तिप्पट पैसे मिळायला हवेत. बहुतेकांच्या पगारपत्रकात हा रकानाच नसायचा.

मग कायदा मोडणाऱ्याचं बिघडतं काय? फारसं काही नाही. २००४ च्या कामगार तपासणी नियमांत तासांची मर्यादा मोडल्याचा दंड आहे माणशी १०० ते ५०० युआन. मोठ्या कंपनीला एका माणसामागे एवढी रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. उलट कर्मचारी लवादाकडे गेलाच, तर जादा काम केल्याचा पुरावा आधी त्यानं द्यायचा. हजेरीची नोंद कंपनीकडे, प्रवेशपत्राच्या मशीनची नोंद कंपनीकडे, गप्पांचं अॅपही पुष्कळदा कंपनीचंच. शिवाय ‘मी स्वखुशीनं थांबलो’ असं कागदावर आधीच लिहून घेतलेलं असण्याची शक्यता. दूरसंचार क्षेत्रातल्या ह्वावेनं २०१० च्या सुमारास कर्मचाऱ्यांकडून ‘फेनदोउझे’ व्हायचं संमतिपत्र घेतलं होतं. फेनदोउझे म्हणजे ध्येयासाठी झुंजणारा. या झुंजाराला पगारी रजा आणि जादा कामाचा मोबदला आपखुशीनं सोडावा लागे.

इथे हे प्रकरण तासांच्या हिशेबातून बाहेर पडतं. कारण कागदावर कायदा एवढा स्पष्ट असताना, चांगली शिकलेली, आकडेमोडीत तरबेज माणसं इतकी वर्षं गप्प का होती, हा खरा प्रश्न आहे. मला वाटतं त्याचं उत्तर नावांमध्ये सापडतं. या माणसांना कुणी काय म्हणायचं आणि ती स्वतःला काय म्हणायची, हे नीट पाहिलं की बरंच उलगडतं.

मालकांकडून आलेलं नाव झुंजार. काही ठिकाणी ‘भाऊ’. ही दोन्ही नावं मजुरी या शब्दाला शेजारी उभं राहू देत नाहीत. भावाकडे कुणी ओव्हरटाइम मागतं का? माणसं स्वतःही कामगार म्हणवून घ्यायला राजी नव्हती. कामगार म्हणजे असेंब्ली लाइनवरचा, खेड्यातून आलेला, निळ्या गणवेशातला. आपण इंजिनियर, शेअरचे हक्क असलेले, उद्या स्वतःची कंपनी काढणारे. २००० नंतरच्या दशकात हे स्वप्न अगदी खोटंही नव्हतं. लवकर लागलेल्या काही जणांचं शेअर बाजारात खरोखर सोनं झालं. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला तेच तास आले, सोनं मात्र आलं नाही.

मधल्या काळात त्यांनी आपल्याला आपणच नावं ठेवली, आणि ती सगळी स्वतःची टर उडवणारी. ‘मानोंग’, म्हणजे कोडची शेती करणारा. ‘च्याबान गोउ’, जादा कामाचं कुत्रं. सगळ्यांत लोकप्रिय होतं ‘चंगश्युयुआन’: प्रोग्रामरसाठी जो रीतसर शब्द आहे त्यातल्या शेवटच्या ‘युआन’चा अर्थ कर्मचारी, तसाच उच्चार असलेलं दुसरं अक्षर घातलं की त्याचा अर्थ होतो वानर. कंपन्यांना ‘दाछांग’ म्हणायचं, मोठा कारखाना. काचेची इमारत, फुकटची कॉफी, आणि नाव कारखान्याचं. गंमत म्हणून सुरू झालेल्या शब्दानं माणसं कुठे उभी आहेत ते बरोबर ओळखलं होतं. पण स्वतःची टर उडवणं आणि मागणी करणं यांत अंतर असतं. कुत्रं आणि वानर मागणी करत नाहीत.

९९६.आयसीयूनं केलं ते एवढंच की त्या पानावर या विनोदी नावांच्या जागी कायद्यातला रूक्ष शब्द आणला: श्रमिक. कलम ३६ प्रोग्रामरसाठी वेगळं नाही. ते ज्याला लागू होतं तो श्रमिक, आणि ज्याला ते लागू व्हावंसं वाटतं त्यानं आधी आपण श्रमिक आहोत हे मान्य करायला हवं.

ही जागा गिटहबच का, याचं उत्तर तांत्रिक आहे आणि मला ते फार आवडतं. चीनमध्ये नको असलेली पानं अडवणं नित्याचं आहे. पण गिटहबशी होणारी जोडणी कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असते. मधल्या यंत्रणेला इतकंच कळतं की कुणीतरी गिटहबवर गेलं, कुठल्या पानावर ते नाही. म्हणजे अडवायचं तर सगळं गिटहबच अडवायला हवं. जानेवारी २०१३ मध्ये ते करून पाहिलं होतं. काही दिवसांतच माघार घ्यावी लागली, कारण देशातल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा मोठा भाग तिथल्या कोडवर उभा आहे. गूगल चीनचे माजी प्रमुख काई-फू ली यांच्यासारख्या बड्या मंडळींनीही तेव्हा उघड नाराजी व्यक्त केली होती. ज्या हत्यारावर मालकाचा धंदा चालतो त्याच हत्यारावर कामगारांनी फलक लावला, असं हे होतं. संपात यंत्र बंद पाडतात. इथे यंत्र चालू असल्यामुळेच फलक टिकला.

मग दुसरा मार्ग निघाला. वाट अडवता येत नाही तर डोळ्यांवर पट्टी. एप्रिलच्या सुरुवातीला टेन्सेन्ट, अलीबाबा, शाओमी, छीहू ३६० या चिनी तंत्र कंपन्यांच्या ब्राउझरांमध्ये ते पान उघडेना. कुठे ‘बेकायदा माहिती’, कुठे ‘धोकादायक संकेतस्थळ’ अशा सूचना. ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्यातल्याच काहींचे हे ब्राउझर. सरकारी आदेशाची गरजही पडली नसावी, असा माझा अंदाज. देशाच्या कामगार कायद्याची कलमं दाखवणारं पान ‘बेकायदा’ ठरावं, यावर वेगळ्या विनोदाची गरज उरली नाही.

पानावर स्टार देणं हा सगळ्यांत सोपा भाग होता, आणि आकड्यामुळे बातम्यांनी तोच उचलला. माझ्या मते त्याहून महत्त्वाची होती कंपन्यांची यादी. कुणीही उठून कंपनीचं नाव टाकू शकत नव्हतं, पुरावा लागायचा. कंपनीची अंतर्गत सूचना, गप्पांचं चित्र, बातमी. प्रोग्रामरांना ही पद्धत सरावाची. बदल सुचवायचा, इतरांनी तो तपासायचा, मग तो मूळ प्रतीत जायचा. संघटना बांधायचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता, पण अनोळखी माणसांबरोबर एका दस्तऐवजावर शिस्तीत काम करायचा अनुभव वर्षानुवर्षांचा होता. शेजारीच दुसऱ्या कुणीतरी ‘९५५’ची उलटी यादी सुरू केली: नऊ ते पाच, पाच दिवस, अशा कंपन्या कुठल्या. नोकरी बदलणाऱ्याला तिचा उपयोग जास्त. चर्चेचा विभाग मात्र इतक्या पोस्टींनी तुंबला, त्यात शिवीगाळ आणि राजकारण इतकं आलं, की तो बंद करावा लागला. म्हणजे दोन लाखांचा जमाव, आणि त्याला आपसांत बोलायला जागा नाही.

युनियन का काढली नाही, असा प्रश्न चीनबाहेरच्या वाचकाला सहज पडतो. चीनमध्ये कायद्यानं मान्य असलेली युनियन एकच, अखिल चीन कामगार संघ, आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या अखत्यारीत. तिच्या बाहेर गेलं तर काय होतं, याचं ताजं उदाहरण सगळ्यांना ठाऊक होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात शेनझेनमध्ये जासिक या वेल्डिंग यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या कामगारांनी आपली युनियन काढायचा प्रयत्न केला. त्यांना कामावरून काढलं, मग अटक झाली. पाठिंबा द्यायला आलेल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही ऑगस्टमध्ये पोलिसांनी उचललं. ‘ही राजकीय चळवळ नाही’ या वाक्यामागे ही सावली होती. भित्रेपणा म्हणून त्याच्याकडे पाहणं सोपं आहे. मला ते जमिनीचा अंदाज घेऊन टाकलेलं पाऊल वाटतं. त्याची किंमत मात्र होती: नेता नाही, सभासद नाही, वाटाघाटीच्या टेबलावर बसायला माणूसच नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात समोरची बाजू बोलली, आणि ती न बोलती तर चळवळ इतकी वाढली नसती. अलीबाबाचे संस्थापक जॅक मा आपल्या कर्मचाऱ्यांपुढे म्हणाले की ९९६ करायला मिळणं हे ‘फूपाओ’ आहे. इंग्रजी बातम्यांत याचं भाषांतर आशीर्वाद असं झालं, ते फिकं आहे. शब्द बौद्ध परंपरेतला. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: पुण्याई. मागच्या जन्मी काही चांगलं केलं असेल म्हणून या जन्मी दिवसाला बारा तास कामाचं भाग्य लाभलं. ऑनलाइन विक्रीच्या जेडी डॉट कॉमचे संस्थापक रिचर्ड ल्यू यांनी त्याच सुमारास लिहिलं की दिवस ढकलणारे माझे भाऊ नव्हेत. त्यांच्या कंपनीत तेव्हा नोकरकपातीची चर्चा चालू होती. तेव्हा भाऊ कोण हे ठरवायचा अधिकार कुणाकडे आहे, तेही एका वाक्यात कळलं.

दोन्ही वाक्यांचा परिणाम उलटा झाला. फूपाओ हा शब्द चिनी इंटरनेटवर कायमचा उपहासाचा झाला; रात्री अकराला कार्यालयातून निघताना माणसं ‘आजची पुण्याई संपली’ अशा थाटात लिहू लागली. पक्षाच्या ‘पीपल्स डेली’नंही लिहिलं की सक्तीचं जादा काम ही कंपनीची संस्कृती होऊ नये. त्याच लेखात ९९६ ला विरोध करणाऱ्यांना आळशी ठरवू नये असाही सूर होता. मा यांनी पुढच्या दिवसांत आपलं म्हणणं सौम्य करून मांडलं: सक्ती कुणावरच नसावी, आवड हवी. आवड हा शब्द अशा वेळी नेमका येतो.

देशाबाहेरून दोन गोष्टी आल्या. पायथन भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी ९९६ ला अमानुष म्हटलं आणि आपण या प्रोग्रामरांसाठी काय करू शकतो असा प्रश्न पायथनच्या मंडळींपुढे ठेवला. दुसरी गोष्ट जास्त वजनाची. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं होतं, आणि मायक्रोसॉफ्टचा चीनमध्ये मोठा धंदा आहे. तेव्हा दबाव आला तर कंपनी पान उडवेल ही भीती खरी होती. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबमधल्या कर्मचाऱ्यांनी एक पत्र गिटहबवरच टाकलं: ही रिपॉझिटरी सगळ्यांना खुली राहिली पाहिजे, आणि आम्ही चीनमधल्या तंत्र कामगारांच्या सोबत आहोत. सह्या करताना त्यांनीही स्वतःला इंजिनियर म्हटलं नाही, ‘मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबचे कामगार’ म्हटलं. पान उडालं नाही.

आणखी एक प्रयोग झाला, ‘अँटी-९९६ परवाना’. मुक्त कोड (ओपन सोर्स) वापरायचा तर कंपनीनं स्थानिक कामगार कायदा आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची मूलभूत मानकं पाळली पाहिजेत, अशी अट त्या परवान्यात होती. कल्पना देखणी. अडचण अशी की मुक्त स्रोताच्या रूढ व्याख्येत कोड कुणी वापरायचा यावर बंधन घालता येत नाही, त्यामुळे त्या जगातल्या जुन्या संस्थांच्या कसोटीवर तो उतरत नाही. आणि ज्या कोडवर या कंपन्या खरोखर टेकलेल्या आहेत त्याचे परवाने आधीच दिलेले होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात गोंगाट ओसरला. तास होते तिथेच होते. चळवळ फसली असं लिहिणाऱ्यांचं त्या क्षणापुरतं चुकलं नव्हतं.

पण नावं बदलत राहिली. २०२० मध्ये ‘दागोंगरेन’ हा शब्द सगळीकडे झाला. दागोंग म्हणजे दुसऱ्याकडे मजुरीला जाणं. खेड्यातून कारखान्यात आलेल्यांसाठी वर्षानुवर्षं वापरलेला शब्द. आता तो बँकेतले, जाहिरात संस्थांतले, सॉफ्टवेअरमधले पांढरपेशे स्वतःला लावू लागले. ‘सुप्रभात, दागोंगरेन!’ विनोदच, पण वानर आणि कुत्रं यांच्यापेक्षा वेगळा. या नावात दुसराही बसतो.

मग डिसेंबर २०२० ची २९ तारीख. पिंडुओडुओ या खरेदी-विक्रीच्या कंपनीत काम करणारी, विशीच्या सुरुवातीची एक तरुणी वायव्य चीनमधल्या उरुमछीमध्ये रात्री दीडच्या सुमारास कामावरून परतताना रस्त्यात कोसळली आणि गेली. जानेवारीत बातमी फुटली तेव्हा झीहू या प्रश्नोत्तरांच्या मंचावर कंपनीच्या अधिकृत खात्यावरून एक उत्तर आलं: तळातली माणसं बघा, कोण जीव विकून पैसा मिळवत नाही? कंपनीनं ते खोटं आहे असं म्हटलं. त्या मंचानं खातं खरं असल्याचं सांगितलं. मग माफी आली. पुण्याईच्या भाषेला दोन वर्षंही झाली नव्हती आणि आता कुणी सजावटसुद्धा करत नव्हतं. शांघायच्या कामगार खात्यानं कंपनीच्या तासांची चौकशी सुरू केली.

२६ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालय आणि मनुष्यबळ मंत्रालयानं जादा कामाची दहा नमुना प्रकरणं प्रसिद्ध केली. पहिलंच प्रकरण एका कुरियर कंपनीतल्या माणसाचं. महिना ८,००० युआन, तीन महिने उमेदवारी, वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ, सहा दिवस. त्यानं जादा काम नाकारलं, कंपनीनं ‘उमेदवारीत नापास’ म्हणून काढलं. लवादानं ८,००० युआन भरपाई द्यायला लावली आणि कंपनीचा नियमच कायद्याविरुद्ध म्हणून रद्दबातल धरला. ९९६ बेकायदा आहे हे २०१९ च्या त्या पानावर लिहिलेलं होतंच. आता ते न्यायालयाच्या शिक्क्यानं आलं. यात चळवळीचा वाटा किती आणि त्या वर्षी मोठ्या तंत्र कंपन्यांना वेसण घालायच्या सरकारी धोरणाचा किती, हे वेगळं करता येत नाही. मी दुसऱ्याकडे झुकतो. मात्र सरकारला हाती घ्यायला तयार भाषा कुणी दिली, याचं उत्तर तेच पान.

आणि आता या प्रकरणातला सगळ्यांत अवघड भाग. अनेक कंपन्यांत ‘लहान-मोठा आठवडा’ होता: एका आठवड्यात पाच दिवस काम, पुढच्यात सहा. छोट्या व्हिडिओंच्या क्वायशोउनं तो जुलै २०२१ पासून बंद केला, टिकटॉकवाल्या बाइटडान्सनं ऑगस्टपासून. विजय म्हणावा? बाइटडान्समध्ये त्या जादा रविवाराचे दुप्पट पैसे मिळत. ते गेले, आणि हातात येणारी रक्कम ठळकपणे घटली. आधी कंपनीत चाचपणी झाली तेव्हा रद्द करण्याच्या बाजूचे आणि विरोधातले साधारण सारखेच निघाले होते. घराचा हप्ता त्या रविवारांवर बेतलेला असेल तर माणूस विरोधच करणार. त्याला आळशी म्हणता येत नाही तसं लाचारही म्हणता येत नाही. मूळ पगारच कमी ठेवून जगण्याइतकी कमाई जादा तासांत सरकवली की तास आणि पैसा एकमेकांचे ओलीस होतात. याचा हिशेब ९९६.आयसीयूच्या पानावर नव्हता, आणि तो मांडायला जे एकत्र बसणं लागतं त्याला जागा कुठेच नव्हती. वर कंत्राटदारामार्फत त्याच इमारतीत काम करणारे वेगळेच. त्यांची ओळखपत्रं वेगळी, नियम वेगळे, आणि या बातम्यांत त्यांचं नाव नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी एक साधी सामाईक ऑनलाइन तक्ती (स्प्रेडशीट) उघडली. रकाने असे: कंपनी, शहर, विभाग, कामावर यायची वेळ, निघायची वेळ, जेवणाची सुटी, आठवड्याचे दिवस. घोषणा नाही, मागणी नाही. काही दिवसांत हजारो नोंदी भरल्या. माझ्या नजरेत हा ९९६.आयसीयूचा खरा वारस, कारण यादीत कंपनीवर आरोप होता, इथे प्रत्येकानं फक्त आपला दिवस लिहिला. एकाच कंपनीच्या दोन विभागांत तीन तासांचा फरक दिसला की ‘आमच्या क्षेत्रात हे चालायचंच’ हे वाक्य लंगडं होतं.

२०२२ पासून नोकरकपात सुरू झाली आणि आवाज खाली आला. पस्तिशी ओलांडलेल्याला पुन्हा नोकरी मिळत नाही ही भीती आता तासांपेक्षा मोठी झाली. २०२५ च्या सुरुवातीला घरगुती उपकरणं बनवणाऱ्या ‘मिडिया’ या चिनी कंपनीनं माणसांना संध्याकाळी ६:२० ला घरी जायचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही एआय स्टार्टअप ९९६ हा आकडा अभिमानानं मिरवू लागल्या. नोकरीच्या जाहिरातींत आठवड्याला ७० तासांची तयारी हवी असं स्पष्ट छापलेलं. तिथल्या प्रोग्रामरांना हे पान तसंच्या तसं उतरवून घेता येणार नाही. अमेरिकी संघीय कायद्यात प्रौढ माणसाच्या आठवड्याच्या तासांना कमाल मर्यादाच नाही, आणि चांगल्या पगाराचा संगणक अभियंता जादा कामाच्या मोबदल्यातूनही वगळलेला आहे. कलम ४१ च्या जागी लिहायला तिथे कलमच नाही.